ॲपचा एसडीके अपडेट करायचाय? पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

पतसंस्था, शिकवणी वर्ग, दूध संघ, औषधांचं दुकान, मंगल कार्यालय. आता यांतल्या बऱ्याच जणांचं स्वतःचं ॲप असतं. एकदा पैसे मोजून ते बनवून घेतलेलं असतं, प्ले स्टोअरवर चढवलेलं असतं आणि तेव्हापासून ते आपलं आपलं चालू असतं. मग एक दिवस डेव्हलपरचा मेसेज येतो: ‘गुगलने नियम बदललाय, एसडीके अपडेट करावा लागेल, नाहीतर ॲप बंद पडेल. एवढा एवढा खर्च येईल.’ तो आकडा कोणी आठ हजार सांगतं, कोणी ऐंशी हजार. ॲप कसं बांधलंय आणि अपडेटमध्ये नेमकं काय करून देणार, यावर दोन्ही आकडे बरोबर ठरू शकतात. म्हणून आकड्यावर घासाघीस करण्याआधी त्यामागचं काम समजून घ्यायला हवं. हे सगळं त्यासाठीच लिहितोय.

आधी भीती बाजूला ठेवू. ज्यांच्या फोनमध्ये तुमचं ॲप आहे, त्यांच्याकडे ते तारीख उलटली म्हणून बंद पडत नाही. प्ले स्टोअरचा नियम वेगळा आहे. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला एक क्रमांक असतो, त्याला एपीआय लेव्हल म्हणतात. अँड्रॉइड १४ चा क्रमांक ३४, १५ चा ३५ आणि १६ चा ३६. आपण कोणत्या आवृत्तीसाठी बांधलेले आहोत हे प्रत्येक ॲप जाहीर करतं. त्याला टार्गेट म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा जुन्या ॲपचं अपडेट चढवायचं तर टार्गेट किमान ३५ लागतं. आधीच स्टोअरवर असलेल्या आणि अपडेट न होणाऱ्या ॲपचं टार्गेट ३४ च्या खाली असेल, तर नवे फोन वापरणाऱ्या नव्या ग्राहकांना ते स्टोअरवर दिसत नाही. म्हणजे नवे सभासद येणं थांबतं आणि तुम्हालाही दुरुस्ती चढवता येत नाही. नुकसान खरं आहे, पण ‘उद्या सगळं ठप्प’ असं काही होत नाही. तेव्हा घाईघाईने ॲडव्हान्स देऊ नका.

दुसरी गोष्ट, एसडीकेला पैसे पडत नाहीत. एसडीके म्हणजे ॲप बांधण्याच्या अवजारांचा संच. अँड्रॉइडचा हा संच आणि तो ज्यात वापरतात ते अँड्रॉइड स्टुडिओ, दोन्ही गुगल फुकट देतं. अपडेट चढवायलाही गुगल काही आकारत नाही. प्ले कन्सोलचं खातं उघडताना २५ डॉलर भरावे लागतात, तेही एकदाच. त्यामुळे कोटेशनमध्ये ‘एसडीके लायसन्स फी’ किंवा ‘गुगल अपडेट चार्जेस’ अशी ओळ दिसली, तर ती खोडून घ्या. तुम्ही पैसे देता ते माणसाच्या तासांचे. हे तास कुठे जातात ते आता पाहू.

सर्वांत जास्त तास जातात पडद्याच्या कडांवर. टार्गेट ३५ केलं आणि ॲप अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या फोनवर उघडलं, की त्याचा पडदा काठापासून काठापर्यंत पसरतो. डेव्हलपर याला ‘एज-टू-एज’ म्हणतात. पूर्वी वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी आणि खालची बटणांची पट्टी सिस्टीमच्या ताब्यात असायची आणि ॲप त्या दोन्हींच्या मध्ये बसायचं. आता वरची पट्टी पारदर्शक होते आणि ॲप तिच्या मागून दिसतं. वरच्या पट्टीला आपल्या संस्थेचा रंग देणारी जुनी आज्ञा चालतच नाही. दिसायला हे सुंदर असतं, पण जुन्या ॲपची त्यासाठी काहीच तयारी नसते.

एखाद्या पतसंस्थेच्या ॲपमधला हप्ता भरण्याचा पडदा डोळ्यांसमोर आणा. वर संस्थेचं नाव, मध्ये रकमेचा चौकोन, अगदी तळाला ‘हप्ता भरा’ हे बटण. टार्गेट नुसतं ३४ चं ३५ केलं आणि दुसरं काहीच केलं नाही, तर वर संस्थेच्या नावावर घड्याळ येऊन बसतं. खाली ‘हप्ता भरा’ हे बटण फोनच्या तीन बटणांच्या पट्टीमागे जातं. ती पट्टी अर्धवट पारदर्शक असल्याने बटण पुसट दिसतं, सभासद त्यावर बोट ठेवतो, दाबलं जातं ते फोनचं होम बटण आणि ॲप पडद्यावरून जातं. रक्कम लिहिण्याच्या चौकोनावर बोट ठेवलं की कीबोर्ड वर येतो. आधी पडदा आपोआप वर सरकायचा, आता कोडमध्ये तशी सोय केली नसेल तर चौकोन कीबोर्डखाली दडतो आणि आपण काय लिहितोय ते दिसत नाही. बोटाने सरकवून फोन चालवणाऱ्या तरुण डेव्हलपरच्या स्वतःच्या फोनवर यातलं बरंच लक्षातही येत नाही, कारण तिथे खालची पट्टी बारीक असते. माझ्या पाहण्यात वयस्कर मंडळी बहुतेक तीन बटणंच ठेवतात. पतसंस्थेचे सभासद तेच असतात.

यावरचा उपाय प्रत्येक पडद्यावर करावा लागतो. सिस्टीम ॲपला सांगते की वर एवढी जागा माझी, खाली एवढी, कीबोर्डची एवढी. या मापांना इन्सेट म्हणतात. ती वाचून मजकूर आत सरकवायचा. ॲप जेटपॅक कंपोझ या नव्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर त्यातला स्कॅफोल्ड हा साचा हे मापन हाती देतो, काम भराभर उरकतं. जुन्या एक्सएमएल पद्धतीच्या ॲपमध्ये पडदे एकेक करून तपासावे लागतात. फ्लटरमध्ये सेफएरिया नावाची तयार सोय आहे, पण तीही जिथे लावलेली नाही तिथे लावावी लागते. म्हणून डेव्हलपरला पहिला प्रश्न विचारायचा: ‘आपलं ॲप कशात लिहिलंय आणि त्यात पडदे किती आहेत?’ ज्याला पडद्यांची संख्या सांगता येत नाही, त्याचा आकडा अंदाजपंचे असतो. मी पडद्यांची यादी असल्याशिवाय कोणतंही कोटेशन पुढे सरकू देत नाही, आणि तुम्हीही देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरा बदल ‘मागे’ जाण्याचा. टार्गेट ३६ केलेल्या ॲपला अँड्रॉइड १६ वर मागे जाण्याची नवी पद्धत आपोआप लागू होते. कडेवरून बोट हळूहळू आत सरकवलं की मागे कोणता पडदा आहे याची झलक दिसते. बोट सोडलं तर मागे जाता, परत नेलं तर तिथेच राहता. वापरणाऱ्यासाठी ही सोय फार चांगली आहे. पण जुन्या ॲपमध्ये ‘मागे’ची कळ पकडणारी जी आज्ञा असते, ती या पद्धतीत बोलावलीच जात नाही. कर्जाचा अर्ज अर्धा भरून झाल्यावर ‘तुम्हाला नक्की बाहेर पडायचं आहे का?’ असं विचारणारी चौकट त्या आज्ञेवर उभी असेल, तर ती येणारच नाही. अर्ज भरणाऱ्याची अर्ध्या तासाची मेहनत एका बोटासरशी जाईल. इथे काम पडद्यांच्या संख्येवर अवलंबून नसतं. ‘मागे’ कुठे कुठे अडवलंय ती ठिकाणं शोधायची आणि नव्या पद्धतीने लिहायची. मध्यम आकाराच्या ॲपमध्ये ही ठिकाणं थोडीच असतात, पण एकही सुटून चालत नाही. अर्ज, पैसे भरणं आणि परीक्षा हे तीन प्रकार तुमच्या ॲपमध्ये असतील, तर त्यांचा उल्लेख कोटेशनमध्ये नावाने असलाच पाहिजे.

टॅब्लेटचा बदल सगळ्यांना लागू नाही. अँड्रॉइड १६ वर टार्गेट ३६ असलेलं ॲप मोठ्या पडद्यावर, म्हणजे ज्याची लहान बाजू ६०० डीपी (पडदा मोजण्याचं अँड्रॉइडचं एकक) किंवा जास्त आहे अशा उपकरणावर, ‘मी उभंच राहणार’ असं म्हणू शकत नाही. टॅब्लेट आडवा धरला की ॲप आडवं पसरणार. खेळांना यातून वगळलंय. शिकवणी वर्गाची मुलं टॅब्लेटवर सराव परीक्षा देत असतील, तर इथे पैसे खर्च करा, कारण आडव्या पडद्यावर प्रश्न डावीकडे ताणला जाऊन पर्याय खाली गडप होतात. औषधाच्या दुकानाच्या ॲपला त्याची फारशी गरज नाही. ३६ साठी यातून तात्पुरती सुटका मागण्याची सोय अँड्रॉइडनेच ठेवली आहे आणि ती ३७ ला जाईल. तुमच्या ग्राहकांत टॅब्लेटवाले किती, हे प्ले कन्सोलच्या आकडेवारीत दिसतं. ते बघून ठरवा. डेव्हलपरने ‘टॅब्लेट ऑप्टिमायझेशन’ म्हणून मोठी रक्कम लावली असेल, तर आधी टॅब्लेटवाल्या ग्राहकांचा हा आकडा समोर मांडायला सांगा.

मराठी अक्षरांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण कोटेशनमध्ये याचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो. अँड्रॉइड १४ पासून फोनमधला मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो. ज्यांना जवळचं नीट दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे आणि ते ती वापरतात. इंग्रजी अक्षरं एका ओळीत गुण्यागोविंदाने बसतात. देवनागरीत रफार आणि वेलांटी शिरोरेघेच्या वर जातात, उकार खाली लोंबतात. बटणाची उंची कोडमध्ये ठरावीक आकड्यात बांधलेली असेल, तर अक्षर मोठं केल्यावर ‘पूर्ण’ मधला रफार कापला जातो आणि खालचा उकारही छाटला जातो. ‘कर्ज’ चं ‘कज’ दिसतं. पडद्यांची डागडुजी चालूच आहे, प्रत्येक पडदा उघडून पाहिला जातोच आहे, तेव्हाच ही बांधलेली उंची काढून टाकली तर जादा वेळ फार लागत नाही. नंतर स्वतंत्रपणे सांगाल तर पुन्हा सगळे पडदे उघडावे लागतील आणि पुन्हा पैसे पडतील. म्हणून कामाच्या यादीत एक वाक्य घालून घ्या: ‘सर्व पडदे मराठीत, २०० टक्के अक्षरांवर तपासून द्यावेत.’

आता न दिसणारं काम. दोन-तीन वर्षं हात न लावलेलं प्रोजेक्ट आजच्या अँड्रॉइड स्टुडिओत उघडलं की ते बहुधा सरळ उघडत नाही. ३५ साठी बांधणीचं साधन, म्हणजे अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन, ८.६ किंवा पुढचं लागतं. त्याला जावाची १७ वी आवृत्ती लागते. मग जुन्या लायब्ररी, म्हणजे ॲपमध्ये जोडलेले दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड, नव्या साधनाशी जुळत नाहीत, काहींचं नावच बदललेलं असतं, काही सोडून दिलेल्या असतात. शिवाय १ नोव्हेंबर २०२५ पासून टार्गेट ३५ च्या अपडेटला १६ केबी पानांच्या मेमरीवर चालणं बंधनकारक झालंय. पीडीएफ दाखवणारी, व्हिडिओ चालवणारी, कागद स्कॅन करणारी लायब्ररी जुनी असेल तर इथे अडकते. तिची नवी आवृत्ती आली असेल तर ती बसवून काम भागतं, नसेल तर दुसरी लायब्ररी शोधून ते सगळं वैशिष्ट्यच नव्याने जोडावं लागतं. कोटेशन फुगण्याचं सर्वांत प्रामाणिक कारण हेच असतं. डेव्हलपरला आधी एवढंच काम द्या: प्रोजेक्ट उघडून, नव्या साधनावर बांधून, अडणाऱ्या लायब्ररींची यादी द्यायची. त्याचे वेगळे पैसे द्या, एक-दोन दिवसांचे. ती यादी हातात आल्यावर पुढचा आकडा ठरतो तो बराचसा पक्का असतो.

एक हिशेब मांडतो. तीस पडद्यांचं, जुन्या एक्सएमएल पद्धतीचं अँड्रॉइड ॲप धरू. प्रोजेक्ट नव्या साधनांवर आणायला १२ तास. साधे २२ पडदे, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे ११. अर्ज, पैसे आणि लॉगिनचे ८ अवघड पडदे, प्रत्येकी २ तास, म्हणजे १६. ‘मागे’ची ठिकाणं ६ तास. मोठी अक्षरं आणि मराठी ५. टॅब्लेट ८. तपासणी १४. स्टोअरवर चढवून नजर ठेवायला ३. एकूण ७५ तास. ताशी दर उदाहरणापुरता ८०० रुपये धरला तर ६०,००० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, एकूण ७०,८००. टॅब्लेट वगळलं तर ८ तासांचे ६,४०० आणि त्यावरचा कर वाचतो. ॲप कंपोझमध्ये असेल तर पडद्यांचे २७ तास निम्म्यावर येऊ शकतात. तास माझ्या अंदाजाचे आहेत आणि दर तुमच्या डेव्हलपरचा तो घ्या, पण रचना अशीच ठेवा. कोटेशन या ओळींत फोडून मागितलं की कुठे जास्त लावलंय ते तुमचं तुम्हालाच दिसतं. जीएसटी आकारणाऱ्याने नोंदणी क्रमांकासह बिल दिलं पाहिजे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेला एकटा डेव्हलपर नोंदणीकृत नसू शकतो, मग त्याने हा कर लावायचाच नाही. तुम्ही स्वतः नोंदणीकृत असाल तर इनपुट क्रेडिटसाठी बिल सीएकडे पोचवा.

याच कामाचा एक स्वस्त मार्ग आहे आणि तो उघडपणे सांगायला हवा. ॲपच्या थीममध्ये एक ओळ लिहून एज-टू-एज नाकारता येतं. टार्गेट ३५ असताना ही ओळ चालते. ॲप जुन्यासारखंच दिसतं, स्टोअर अपडेट स्वीकारतं, तारखेचं बंधन पाळलं जातं. पण टार्गेट ३६ केल्यावर अँड्रॉइड १६ वर ती ओळ निकामी होते. म्हणजे काम टळत नाही, पुढे ढकललं जातं. मुदत परवावर आली असेल, हातात पैसे नसतील, तर हा मार्ग घ्यायला हरकत नाही. आठ हजारांचं कोटेशन बहुधा याच कामाचं असतं आणि त्या कामाला ते रास्तही असू शकतं. अडचण तेव्हा, जेव्हा पैसे सगळे पडदे दुरुस्त केल्याचे घेतले जातात आणि काम त्या एका ओळीवर भागवलं जातं. त्यामुळे पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा विकता येतं. म्हणून वर्क ऑर्डरमध्ये लेखी घ्या की एज-टू-एज नाकारणारी सोय वापरलेली नाही. ‘मागे’च्या नव्या पद्धतीलाही अशीच नाकारण्याची ओळ आहे, तिचाही उल्लेख करा. तुमच्या ॲपचं टार्गेट खरंच किती झालंय ते प्ले कन्सोलमधल्या ॲप बंडल एक्सप्लोररमध्ये तुम्हाला स्वतःला पाहता येतं.

तपासणी स्वतः करा. त्याला पैसे लागत नाहीत, दोन तास लागतात. अँड्रॉइड १५ किंवा १६ असलेला एक फोन मिळवा, कारण जुन्या फोनवर यातला बराचसा बदल दिसतच नाही आणि तिथे सगळं ठीक वाटतं. डेव्हलपरकडून चाचणीची आवृत्ती प्ले स्टोअरच्या अंतर्गत चाचणीतून मागवा. फोनच्या सेटिंगमध्ये तीन बटणांची पट्टी निवडा, अक्षरं सर्वांत मोठी करा, डार्क मोड लावा. मग आपला नेहमीचा ग्राहक जे करतो ते सगळं करा. लॉगिन, ओटीपी, अर्ज, पैसे भरणं, पावती. प्रत्येक पडद्यावर तीन गोष्टी बघा: वर घड्याळ आणि बॅटरी वाचता येते का, तळाचं शेवटचं बटण पूर्ण दिसतं आणि दाबलं जातं का, कीबोर्ड आल्यावर लिहिण्याची जागा समोर राहते का. हलक्या रंगाच्या पडद्यावर घड्याळाचे आकडे पांढरे राहिले तर ते दिसेनासे होतात. ही चूक हमखास सापडते. मग बोटाने सरकवण्याची पद्धत निवडून अर्ज अर्धा भरा आणि कडेवरून बोट हळू आत न्या. जे चुकलं त्याचा स्क्रीनशॉट काढा, त्यावर पडद्याचं नाव लिहा आणि पाठवा. ‘ॲप नीट चालत नाही’ एवढं लिहिण्यापेक्षा असा एक स्क्रीनशॉट डेव्हलपरचे तास वाचवतो, म्हणजे तुमचे पैसे.

याशिवाय चाचणीसाठी चढवलेल्या आवृत्तीवर प्ले कन्सोल काही फोनांवर आपोआप चाचणी करून अहवाल देतो, फुकट. गुगलच्या फायरबेस टेस्ट लॅबमध्येही रोज काही चाचण्या फुकट होतात आणि त्यापुढे खऱ्या फोनवर तासाला ५ डॉलर, आभासी फोनवर १ डॉलर पडतो. त्यामुळे तपासणीसाठी डेव्हलपर नवे फोन विकत घेण्याचा खर्च तुमच्यावर टाकत असेल तर तो मान्य करू नका. अपडेटही एकदम सगळ्यांना सोडू नका. आधी १० टक्के ग्राहकांना, दोन-तीन दिवस तक्रारी बघून मग बाकीच्यांना. ही सोय कन्सोलमध्येच आहे.

ज्या गोष्टीत लोकांचे सर्वाधिक पैसे जातात ती मात्र एसडीकेत नाही, मालकीत आहे. ॲप डेव्हलपरच्या खात्यावर चढवलेलं असतं, सोर्स कोड त्याच्या लॅपटॉपमध्ये असतो आणि मग तो सांगेल तो आकडा द्यावा लागतो, कारण दुसऱ्याकडे जाण्याचा रस्ताच नसतो. दुसऱ्या डेव्हलपरला ॲप पहिल्यापासून लिहावं लागतं आणि ते ७५ तासांत होत नाही. या अपडेटचं निमित्त करून हे मार्गी लावा. संस्थेच्या नावाने प्ले कन्सोलचं खातं उघडा, २५ डॉलर. संस्थेच्या खात्याला डी-यू-एन-एस हा संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक लागतो, तो फुकट मिळतो, पण थोडे दिवस लागतात. खाजगी व्यक्तीच्या नावाने आता खातं काढलं, तर नवं ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. जुन्या खात्यावरून नव्यावर ॲप हलवण्याचे गुगल पैसे घेत नाही आणि ग्राहक, शेरे, डाउनलोड सगळं टिकतं. सोबत सोर्स कोड आणि साइनिंग की, म्हणजे अपडेटवर सही करणारी डिजिटल किल्ली, ताब्यात घ्या. ऑगस्ट २०२१ नंतर चढवलेल्या नव्या ॲपची मूळ की गुगलकडे असते आणि डेव्हलपरकडची अपलोड की हरवली तर ती बदलून मिळते. त्याआधीच्या ॲपमध्ये तशी सोय घेतलेली नसेल आणि की हरवली, तर त्या ॲपला अपडेट देता येत नाही. हे आज विचारा.

पैसे तीन हप्त्यांत द्या. लायब्ररींची यादी आणि बांधलेली पहिली आवृत्ती मिळाल्यावर पहिला, तुमचे स्क्रीनशॉट निकाली लागल्यावर दुसरा, अपडेट सगळ्यांपर्यंत पोचून सोर्स कोड तुमच्या खात्यात आल्यावर शेवटचा. शेवटचा हप्ता लहान ठेवू नका. अपडेटमुळे बिघडलेलं काही साठ दिवसांत सापडलं तर ते विनामूल्य दुरुस्त करावं, असंही लिहून घ्या.

आयफोनचं ॲप असेल तर हिशेब वेगळा. ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रॅमला दर वर्षी ९९ डॉलर पडतात. ते भरले नाहीत तर ॲप स्टोअरवरून उतरतं. एप्रिल २०२६ पासून ॲपलकडे चढवायची आवृत्ती आयओएस २६ च्या एसडीकेने बांधलेली लागते. त्यासाठी एक्सकोड २६ हे ॲपलचं बांधणीचं साधन आणि त्याला मॅकओएस १५.६ किंवा पुढचं लागतं. डेव्हलपरचा मॅक त्या आवृत्तीपर्यंत जात नसेल तर तो त्याचा प्रश्न, तुमच्या बिलातला नाही. नव्या एसडीकेने बांधलं की ॲपलच्या साच्यातल्या पट्ट्या आणि बटणं आपोआप काचेसारखी होतात. या रूपाला लिक्विड ग्लास म्हणतात. ॲपलचे तयार घटक जितके जास्त वापरले असतील तितकं काम कमी. स्वतः रंगवलेल्या पट्ट्या आणि चित्रं जास्त असतील तर पारदर्शक पट्टीवर मराठी मजकूर वाचता येतो की नाही हे पडदा पडदा बघावं लागतं. इथेही नवं रूप तात्पुरतं नाकारण्याची ओळ आहे आणि एक्सकोडच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत ती काढून टाकण्याचा मानस ॲपलने सांगितला आहे. या रूपासोबत आलेला थरांचा नवा आयकॉन बंधनकारक नाही. जुना चालतो, त्यावर पैसे घालवणं ऐच्छिक समजा.

हा खर्च पुन्हा येणारच आहे. २०२३ मध्ये किमान टार्गेट ३३ होतं, २०२४ मध्ये ३४, २०२५ मध्ये ३५, आणि तिन्ही वर्षी तारीख ३१ ऑगस्ट. त्यामुळे यंदा काम ३५ चं करून घेत असाल तर ३६ चंच मागा. ‘मागे’ची पद्धत आणि टॅब्लेट त्यातच उरकतात आणि पडदे दोनदा उघडावे लागत नाहीत. वार्षिक देखभालीचा करार करत असाल तर दर वर्षीची टार्गेटवाढ त्यात धरली आहे की वेगळी, हे शब्दांत लिहून घ्या. बऱ्याच करारांत ती वेगळी असते आणि ते ऑगस्टमध्ये कळतं. कोटेशन मागवायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष आखताना. तेव्हा डेव्हलपर मोकळे असतात, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच धावपळ असते आणि दरही त्याप्रमाणे चढतात.